सपनाच्या चुका

औंढ्यात अडतीस वर्षं शिकवून निवृत्त झालो, तरी कुठे चुकीचं वाक्य दिसलं की माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. घरच्यांनी कंटाळून हा हात हिंगोलीला पाठवायचं ठरवलं. तिथल्या अंध मुलींच्या एका वसतिगृहात मी मंगळवारी आणि शुक्रवारी एसटीनं जाऊन दहावीच्या मुलींना फुकट शिकवू लागलो. गाडीतले ओळखीचे लोक सरकून जागा देत आणि पुण्य लागेल म्हणत. मलाही ते पटत होतं. मुलींना काय वाटतं, हे विचारायचं तेवढं राहून गेलं.

त्यातली सपना शिरड शहापूरजवळच्या तांड्यावरची. बोर्डाच्या परीक्षेत ती उत्तरं तोंडी सांगणार आणि तिच्याहून खालच्या वर्गातलं एक लेकरू ती लिहून काढणार. त्याला लेखनिक म्हणतात. सराव परीक्षेला लेखनिक मिळेना, म्हणून मीच पेन घेऊन बसलो. सपनाला चाळीसपैकी छत्तीस मिळाले. संस्थेचे सचिव तातेराव यांनी लगेच पेढे मागवले. सपनानं पेढा हातात धरून ठेवला.

"गुरुजी, ह्यातले माझे किती?"

सगळे तुझेच, मी म्हणालो.

"मी थांबले तरी तुमचा पेन चालूच होता. दुसऱ्या प्रश्नाला मी 'येत न्हाई' म्हणले, आन् तुमी अर्धं पान लिहिलं."

अर्धं पान नव्हतं, चारच ओळी होत्या, असं मी सांगितलं. मास्तर गुन्हा नाकारत नाही, त्याची लांबी तेवढी दुरुस्त करतो.

मग तिनं खरं कारण सांगितलं. सुट्टीत घरी गेली की तिचा भाऊ रणजीत चिडवायचा, परीक्षा तर लिहिणारी देती, तू नुसती शेजारी बसती. तांड्यावर सगळ्यांना ते पटलं होतं. तिला पास व्हायचं होतं, पण त्याआधी पेपर तिचा व्हायला हवा होता. नापास झाली तरी तिनं व्हायला हवं होतं, दुसऱ्या कुणी नाही.

तातेरावांनी लेखनिक शोधली ती शहरातल्या नामांकित शाळेत नववीला पहिली आलेली गुंजन. तिच्या वडिलांनी मदतीआधी मदतीचा फोटो काढून घेतला. भूगोलाच्या सरावात सपना चुकली की गुंजन जिभेनं 'च्च' करायची. सपना उत्तर बदलायची. तरीही 'च्च' झालं की पुन्हा बदलायची. असे तिनं एका तासात जगातले बरेच देश पालथे घातले. दुसऱ्या दिवशी तिनं गुंजन नको म्हणून सांगितलं.

"हुशार नको, तर काय ढ आणू?" तातेराव म्हणाले.

"व्हय. पण अक्षर चांगलं पायजे."

अशी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत सापडली. पुजा तिचं नाव, वर्ग नववी. हिला काहीही येत नाही, अशी हमी तिच्या मास्तरांनी छातीठोकपणे दिली. आणि ती खरी निघाली. सपना सांगेल ते पुजा मोत्यासारख्या अक्षरात उतरवायची. एकदा तर उत्तराच्या मधोमध 'पुजा, जरा पाणी दे' हेही उतरवलं. सपना इतकी खूश मी कधी पाहिली नव्हती. बोर्डाकडे पुजाचं नाव गेलं.

घोटाळा मी केला. सपनाला शिकवताना पुजा शेजारी रिकामी बसलेली असायची, आणि रिकामं बसलेलं लेकरू माझ्यानं बघवत नाही. एकदा तिनं मधेच "काहून?" म्हणून कारण विचारलं. अडतीस वर्षांत मुलं मला फार तर "सर, घंटा झाली" म्हणाली होती. मी खुर्ची तिच्याकडे वळवली. फेब्रुवारीत सपना चुकली की पुजाचा पेन मधेच थांबू लागला.

"गुरुजी, तुमी हिलाबी शिकवून ठेवलं," सपना म्हणाली. "आता दुसरी ढ कुठून आणायची?"

शिकवलेलं काढून घेण्याची पद्धत आमच्या डीएडला शिकवत नव्हते. शेवटी सपनानंच पुजाकडून वचन घेतलं. तुला येत असलं तरी लिहायचं माझंच. आणि मला परीक्षा होईपर्यंत येऊ नका म्हणून सांगितलं.

मी गेलो नाही, फक्त भूगोलाच्या दिवशी केंद्राच्या फाटकाबाहेर उभा राहिलो. पुजा रडत बाहेर आली. ब्राझीलच्या राजधानीला सपनानं रिओ सांगितलं होतं.

"मला येत होतं, गुरुजी. ब्रासिलिया. तरी मी रिओच लिहिलं."

जन्मात पहिल्यांदा तिला एक उत्तर येत होतं, आणि तेच तिनं लिहिलं नव्हतं. चुकीच्या उत्तराला शाबास म्हणण्याची माझीही पहिलीच वेळ.

सपनाला सत्तावन्न टक्के पडले. तातेरावांच्या फलकावर पंच्याहत्तरच्या वरचेच चेहरे होते, त्यामुळे तिचा फोटो वाचला. तिला न्यायला वडील वसराम आणि रणजीत आले. बहिणीचा चेहरा पडला असेल, असं धरूनच रणजीत आला होता. दोन वर्षं चिडवणाऱ्याला त्या दिवशी माया आली.

"जाऊ दे सपना. लिहिणारी पोरगीच कच्ची असंल. न्हाई का गुरुजी?"

"ती कच्ची न्हाई," सपना म्हणाली. "तिला येत होतं. रिओ मी सांगितलं. भूमितीत कोन मी चुकवला. निबंधात विषय मी सोडला. त्या पेपरांतल्या सगळ्या चुका माझ्या हायेत, आन् बाकीचे सत्तावन्न बी माझेच."

तिनं चुका पहिल्या पेपरापासून क्रमानं सांगायला घेतल्या. रणजीतच्या हातात तिची पेटी होती, त्यामुळे त्याला स्टँडपर्यंत ऐकत जावं लागलं. विज्ञानातली एक तिनं चूक म्हणून सांगितली, ती खरं तर बरोबर होती. मी तोंड उघडलं, आणि मग मिटलं.