जमिनीत गाडायचं तांबं

मूल गावच्या धानगिरणीत विजेची मोटर आली तेव्हा गुणाबाईनेच तिला हळदीकुंकू लावलं होतं. आज तीच त्या मोटरच्या नावाने कडाकडा बोटं मोडत होती. का नाही मोडणार? मोटरवर चालणाऱ्या चाळणीच्या लोखंडी चौकटीला हात लागताच विजेच्या झटक्याने तिची सून भागीरथा फेकली गेली होती. सातवा महिना, आणि पोरगी कोंड्यात उताणी! तिने डोळे उघडले, पोटातलं लेकरू हललं म्हणाली, तेव्हा गुणाबाईचा जीव भांड्यात पडला आणि मग डोकं तापलं.

मालक भैयाजी बूट वाजवत आला. चालत्या चाळणीवर तळहात ठेवून म्हणाला, "पाहा! मले काई होऊन राह्यलं काय? नाटकं आहेत सारी. उद्या कामावर धाडा तिले, नाईतर दुसरी पाहीन."

मोटर बसवणारा बिरजू कोपऱ्यात उभा होता. गुणाबाई त्याच्यावरच उखडली. "तू बोल ना! मिठाची गुळणी धरली काय?"

"मी चांद्याच्या दुकानात तांब्याची पट्टी निवडली होती, बाई," तो पुटपुटला. "जाड तार, आवळायले पितळी बोल्ट. सुटलेली वीज जमिनीत जावी म्हणून. भैयाजी म्हणे, तांबं काय मातीत पुरायची चीज आहे? कुंपणाची तार खिळ्याले गुंडाळ."

तांबं मातीत घालवत नाही, बाई गेली तर चालते! गुणाबाईच्या अंगाची लाही झाली. तिने खाली पाहिलं. कोंडा बसावा म्हणून फरशीवर पाणी मारलेलं, आणि साऱ्या बाया अनवाणी. धान म्हणजे लक्ष्मी, आत वहाणा नकोत, हा नियम भैयाजीचाच. त्याच्या पायात मात्र जाड रबरी तळाचे बूट.

"भैयाजी, लक्ष्मीवर बूट घालून काऊन उभे आहा? काढा."

बाया हातातली सुपं ठेवून उभ्या राहिल्या. नियम स्वतःचाच, भैयाजीने कुरकुरत बूट काढले. पाय ओल्या फरशीला टेकले.

"आता लावा हात."

त्याने हात पुढे केला. मग मागे घेतला आणि धोतराला पुसला.

"मोटर बंद कर, बिरजू," तो म्हणाला. "चांद्याले जा. तांबं आण."

गुणाबाईने बूट उचलले आणि दाराबाहेर बायांच्या वहाणांशेजारी नेऊन ठेवले.

"तांबं गाडेपर्यंत हे इथीच राह्यतील," ती म्हणाली.