मूठभर वाळू

“साबण लावलास तू टाकीला. कबूल कर आणि विषय मिटव.”

थोरले दीर हे गिऱ्हाइकादेखत बोलले, तेच धाकट्या सुनेला झोंबलं. दुकान शोभेच्या माशांचं. मागची बिनखिडकीची खोली पिल्लं वाढवण्याची, आणि तिथली कोपऱ्यातली टाकी तिची. तीत काचेसारख्या पारदर्शक कोळंब्या होत्या, साऱ्या माद्या, साऱ्यांच्या पोटाखाली हिरवट अंड्यांचे घोस. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिनं स्वतःचं म्हणून काही उभं केलं असेल, तर ते एवढंच.

आणि आज सकाळपासून त्या उलट्या पोहत होत्या. पाय वर, पाठ खाली.

“योगासनं करतायत वाटतं,” गिऱ्हाईक म्हणालं आणि काहीच न घेता निघून गेलं.

“भावोजी, मी काच पुसली ती नुसत्या पाण्यानं,” ती म्हणाली.

“मग त्यांना सरळ पोहायचा कंटाळा आला म्हणायचा.” दिरांनी भिंतीवरची जाळी काढली, पायानं बादली पुढे ओढली. “साबण नसेल तर रोग आहे. आज ही टाकी, उद्या सगळी खोली. तुझ्या लाडक्यांपायी मी धंदा बुडवू? जाऊ देत गटारात.”

दीर दुष्ट नव्हते. रोगानं एकदा सगळी खोली रिकामी झालेली त्यांनी पाहिली होती. पण भ्यालेला माणूस बाहेरून रागावल्यासारखाच दिसतो, आणि समोरचा स्वतः रागात असला की त्याला त्यातली भीती दिसायची कुठून?

ती टाकीपुढे आडवी उभी राहिली.

“आजारी कोळंबी अंड्यांना वारा घालते का? बघा तरी. पोटाखालच्या पायांची वल्ही कशी चालू आहेत. हृदय बघा, पाठीत, कसं लपलपतंय. आणि ही हवेच्या नळीला धरून बसलेली? सरळ आहे. पाय सुटले की मगच उलटते.”

“मला शिकवू नकोस. शेजारच्या टाकीतल्या कोळंब्या ठणठणीत आहेत. तेच पाणी, तेच खाणं, तोच दिवा. इथं वेगळं काय असेल, तर तुझा हात.”

“हात?” तिचा आवाज चढला. “याच हातानं—”

“आवाज खाली,” दाराशी खुर्चीत बसलेले सासरे म्हणाले. आयुष्यभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले अण्णा पेपराआडून सगळं ऐकत होते.

“अण्णा, तुम्ही मध्ये पडू नका,” म्हणत दिरांनी जाळी पाण्यात घातली.

दिसलंच नाही तर पकडतील कशा, एवढंच धाकटीच्या मनात आलं आणि तिनं दिव्यांचा प्लग उपटला. काल रात्रीच दिरांनी हौसेनं सगळ्या टाक्यांच्या तळाखाली चपटे दिवे बसवले होते आणि टाक्या झळाळाव्यात म्हणून छताची ट्यूब बंद ठेवली होती. कोपऱ्यात काळोख झाला.

“डोकं फिरलंय का तुझं?” दीर भिंत चाचपडत गेले. ट्यूब दोनदा लुकलुकली आणि लागली.

कोळंब्या सरळ पोहत होत्या. सगळ्या.

अण्णा उठून आले. “पुन्हा करा,” ते म्हणाले.

तिनं प्लग लावला, दिरांनी ट्यूब बंद केली. कुशीवर वळावं तशा कोळंब्या वळल्या आणि उलट्या झाल्या. ट्यूब लावून दिव्यांचा प्लग काढला, पुन्हा सरळ.

“वर्गात घसा कोरडा करून हेच सांगत आलो,” अण्णा चिडून म्हणाले, “आणि घरात मलाच आठवू नये. कोळंबीच्या मिशीच्या मुळाशी एक खळगा असतो. त्यात वाळूचे कण. कण टेकतो ती बाजू खाली, एवढाच हिशेब. कात टाकली की खळग्याचं अस्तर जातं, कणही जातात. मग ती तळातून नवे कण उचलून आत भरते. घडवणाऱ्यानं खळगा दिला, कण मात्र ज्याचा त्यानं वेचायचा. कण नसला, तर जिकडे उजेड तिकडे पाठ. या टाकीतली वाळू कुठे गेली?”

इतका वेळ ताठ उभ्या असलेल्या धाकटीच्या रागाच्या पायाखालची वाळूच सरकली.

“मी काढली,” ती म्हणाली. “खाणं अडकून कुजत होतं. अंडी धरायच्या आधीची गोष्ट.”

“अंडी धरण्याआधीच माद्या कात टाकतात. तेव्हा त्यांना कण मिळाला नाही.”

“म्हणजे हिचाच हात,” दीर म्हणाले.

“आणि खालून दिवा कुणाचा? वाळू नव्हती तरी काल रात्रीपर्यंत वरच्या उजेडावर त्यांचं भागत होतं. शेजारी वाळू आहे, तिथं तुझा दिवाही खपून गेला. घोळ दोघांनी मिळून घातलात, आणि बादली त्यांच्यासाठी?”

दिरांनी जाळी झटकून खिळ्याला लावली. मग खाली वाकून एकेक दिवा सोडवू लागले.

“चूक माझी अर्धी, मान्य,” धाकटी त्यांच्या पाठीला म्हणाली. “पण गिऱ्हाइकासमोर बोललात, त्याचं काय?”

दीर स्क्रू फिरवत राहिले. ते पुढच्या कोपऱ्यातून वाळूचं पातेलं घेऊन आले, तेवढ्यात तेच गिऱ्हाईक छत्री विसरली म्हणून परत आलं आणि दारातून डोकावलं.

“उठल्या का योगासनांतून? साबणच होता ना?”

दिरांनी पातेलं खाली ठेवलं. “नाही,” ते म्हणाले. “दिवा मी चुकीचा लावला होता.” धाकटीकडे त्यांनी पाहिलं नाही.

छत्री घेऊन गिऱ्हाईक गेलं.

“आता वाळू टाकून उपयोग आहे?” त्यांनी विचारलं.

“पिल्लं सुटून त्या पुन्हा कात टाकतील तेव्हा लागेल,” अण्णा म्हणाले. “तोवर दिवा वरच हवा.”

“किती टाकू?” हा प्रश्न मात्र त्यांनी धाकटीला विचारला.

तिचा राग अजून पुरता गेला नव्हता.

“मूठभर,” ती म्हणाली. “आधी हात धुवा. साबण नका लावू.”