एकवीस पूर्णांक नऊ

एकाच द्रावणाचं माप तीनदा घेतलं, तर तिन्ही वेळा नेमका तोच आकडा सहसा येत नाही. हात कितीही सरावाचा असो, ब्युरेटची तोटी बंद करताना एखादा थेंब पुढेमागे होतोच. साधना मॅडमच्या टेबलावर उघड्या पडलेल्या जर्नलात मात्र तीन ओळींत तीनदा एकच आकडा होता. २१.९, २१.९, २१.९. त्याखालच्या जर्नलातही तोच, आणि त्याच्या खालच्यातही.

प्रयोग होता ब्लिचिंग पावडरमध्ये क्लोरीन किती आहे ते काढण्याचा. त्या आकड्यावरून निघणारं उत्तर एकतीस टक्के. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची बासष्ट मुलं आणि बासष्ट जर्नलं, पण पावडर जणू एकाच चिमटीतली.

साधनाने पेन उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. समोरच्या ओट्यावर ब्युरेटी रांगेने उभ्या होत्या. या लांब, खुणा केलेल्या काचेच्या नळ्यांच्या तोट्यांवर धूळ इतकी बसली होती की बोट लावलं तर ठसा उठावा.

"काहून इतकं बारकाईनं पाहून राहिल्या मॅडम?" प्रयोगशाळेतल्या वैजनाथने जर्नलांचा दुसरा गठ्ठा आणून ठेवला. "दरसालचंच हाय. पोरं 'आजी'वरून उतरवतेत, तुमी सही मारता, परीक्षक येऊन जेवून जाते."

'आजी' म्हणजे बसस्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात टांगलेली जर्नलाची मूळ प्रत. किती वर्षांची ते कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून मुलांनी तिला हे नाव ठेवलं होतं. साधनाला मात्र ठाऊक होतं. अकरा वर्षांपूर्वी तासिका तत्त्वावर ती या तालुक्याच्या कॉलेजात नवी आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने हा प्रयोग मुलांसमोर स्वतः करून दाखवला होता. त्या दिवशी, त्या पावडरीला, माप आलं होतं २१.९. तिने ते फळ्यावर लिहिलं. मुलांनी वहीत उतरवलं. तेव्हा तो आकडा खरा होता.

पुढे मुलं वाढली, ब्युरेटी फुटल्या, रसायनं फक्त मागणीपत्रात येऊ लागली. खेड्यावरची निम्मी मुलं दोनच्या बसला पळायची, आणि प्रॅक्टिकल नेमकं दोनला असायचं. त्यात कोणी एकजण दोषी नव्हता, म्हणूनच ती चाल मोडायची कशी हे कोणाला सुचत नव्हतं. साधना दर फेब्रुवारीला मनाशी ठरवायची की यंदा सही करायची नाही. आणि दर जूनमध्ये तिची नेमणूक पुन्हा व्हायची असायची.

"आन् मॅडम, एक बातमी हाय," वैजनाथ आवाज खाली करत म्हणाला. "आपली पुनम. हट्ट्याची. तिच्यावर चौकशी लागली."

पुनम दोन वर्षांपूर्वी इथूनच पदवी घेऊन बाहेर पडली होती. पाणी तपासणीच्या एका खासगी प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली, तेव्हा कॉलेजने फाटकावर मोठा फ्लेक्स लावला होता: 'आमचे यशस्वी विद्यार्थी', आणि पहिला फोटो पुनमचा. गावोगावच्या ग्रामपंचायती पाण्यात टाकायच्या ब्लिचिंग पावडरचे नमुने तिथे पाठवत. पूर्णेकाठच्या एका खेड्याच्या नमुन्यावर पुनमने अहवाल दिला होता, क्लोरीन एकतीस टक्के, वापरण्यास योग्य. पंधरा दिवसांत त्या गावात जुलाब-उलट्यांची साथ आली. चाळीसेक माणसं आजारी पडली आणि जनकाबाई नावाची म्हातारी दवाखान्यापर्यंत पोचली नाही. तीच पावडर पुन्हा तपासली, तेव्हा जेमतेम अकरा टक्के निघाली. पोतं पावसाळ्यापासून उघडं होतं.

एकतीस टक्के. साधनाच्या हातातलं जर्नल तसंच उघडं राहिलं.

दुपारी प्राचार्य विजयकुमार सरांनी तिला बोलावलं. सर वाईट मनुष्य नव्हते. इथे पत्र्याचं छप्पर होतं तेव्हापासून त्यांनी हे कॉलेज उभं केलं होतं, आणि खेड्यातल्या मुली पदवीपर्यंत पोचल्या याचा त्यांना खरा अभिमान होता. सोमवारी मूल्यांकन समिती यायची होती. कार्यालयाच्या भिंतीवर नवा तक्ता लागला होता, 'पदवीधराचे गुण'. समस्या सोडवण्याची क्षमता, संवादकौशल्य, प्रामाणिकपणा, रोजगारक्षमता असे दहा गुण, आणि प्रत्येक विद्यार्थ्यापुढे प्रत्येक गुणाला खूण. रसायनशास्त्राच्या बासष्ट मुलांपुढच्या सहाशेवीस खुणा साधनानेच दोन दिवस बसून केल्या होत्या. एकही रकाना रिकामा नव्हता.

सरांनी एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. चौकशी अधिकारी उद्या येणार होते, त्यांना द्यायचं उत्तर होतं ते: 'सदर विद्यार्थिनीने सर्व प्रयोग स्वतः पूर्ण केल्याचे जर्नलवरून दिसून येते.' खाली विषयशिक्षकाच्या सहीची जागा.

"यात खोटं काय आहे, मॅडम?" सर शांतपणे म्हणाले. "जर्नलवरून तसं दिसतंच की."

मग त्यांनी, जाता जाता सांगावं तसं, सांगितलं की जूनमध्ये कायम जागा भरायची आहे आणि यादीत पहिलं नाव साधनाचं आहे. अकरा वर्षं थोडी नसतात, असंही म्हणाले. साधनाने कागद घेतला आणि उद्या देते म्हणाली. बाहेर आली तेव्हा फाटकावर वैजनाथ शिडीवर चढून फ्लेक्सवर काही चिकटवत होता. पुनमच्या चेहऱ्यावर आता एका पोलीस भरती झालेल्या मुलाचा फोटो बसला होता. चिकटवलेला कागद थोडा तोकडा पडला होता. पुनमची वेणी आणि खांदा कडेने अजून दिसत होता.

साधना घरी गेली नाही. तिने हट्ट्याची बस धरली. रस्ताभर ती पर्सची चेन उघडत होती, लावत होती. आत तो कागद होता.

पुनमचं घर दोन खोल्यांचं होतं. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि दोन्हींच्या मधोमध काळ्या झग्यातली पुनम, हातात पदवीची गुंडाळी. तिच्या मायने, शकुबाईने, पोतं झटकून बसायला टाकलं, पाणी दिलं. बाई घरी आल्या याचा तिला कोण आनंद झाला. त्या आनंदाने साधनाला जास्तच कानकोंडं झालं.

"धा दिस झाले बाई, लेकरू बराबर जेवलं न्हाई," शकुबाई म्हणाली. दुसऱ्यांच्या रानात निंदून-खुरपून तिने पोरीला शिकवलं होतं. आता गल्लीतल्या बाया पाणी भरताना तोंडावरच म्हणत, शिकली तर शिकली अन् म्हातारी मारून आली. कालच कोणी दारातून टोमणा टाकून गेलं होतं की हिच्यापरीस अंगठाबहाद्दर बरा, निदान कागद तर खोटा करत न्हाई. शकुबाईला एवढंच कळत नव्हतं की प्रॅक्टिकलला पन्नासपैकी अठ्ठेचाळीस मार्क मिळवलेली पोर चुकली कशी.

पुनम आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी होती. साधनाने तिला जवळ बसवलं आणि जे विचारायला आली होती ते विचारलं. तिला वाटत होतं की पुनमने तपासणी केलीच नसेल, 'आजी'वरून उतरवावं तसा आकडा उतरवून मोकळी झाली असेल. तसं असतं तर साधनाला राग तरी करता आला असता.

"केलं व्हतं, मॅडम," पुनम म्हणाली. "तिथल्या लॅबचे मोठे सर सुट्टीवर व्हते. भिंतीवरची कृती वाचून वाचून केलं. कॉलेजात ब्युरेट हातात कधी धरलीच न्हाई, तर तोटी फिरवायला हात कापत व्हता. तरी तीनदा केलं."

ती उठली. तसबिरींच्या मागून घडी केलेली एक चिठ्ठी काढून तिने साधनाच्या हातात दिली. पेन्सिलीने तीन आकडे लिहिले होते. ७.६. ७.७. ७.६.

साधना त्या आकड्यांकडे बघत राहिली. मनातल्या मनात तिने हिशोब केला. जेमतेम अकरा टक्के, फेरतपासणीत निघाले तेवढेच. आणि मधल्या ओळीत एका दशांशाचा फरक, खऱ्या हाताचा. अकरा वर्षांत तिने तपासलेल्या एकाही जर्नलात असा फरक तिला दिसला नव्हता.

"मग अहवालात एकवीस पॉइंट नऊ का धरलंस?"

पुनमने चिठ्ठीवरच्या आकड्यांवर बोट ठेवलं.

"मला वाटलं, आपल्याच हातात खोट हाय. कॉलेजात सगळ्यांच्याच वहीत एकवीस पॉइंट नऊ. आमच्या आधीच्या पोरींच्या पण. त्याच्याखाली तुमची सही. मग सात पॉइंट सहा बरोबर कसं राहील, मॅडम?"

शकुबाई एकदा लेकीकडे, एकदा बाईंकडे बघत होती. तिला आकडे कळले नाहीत, पण दोघींमधली कोण खाली मान घालून बसली आहे ते तिला दिसलं. तिने उठून चुलीवर चहाचं आधण ठेवलं.

परतीच्या बसमध्ये साधनाने पर्सची चेन उघडली नाही. चिठ्ठी तिने मुठीत धरली होती.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता चौकशी अधिकारी रामप्रसाद कॉलेजात आले. मध्यम वयाचे, कमी बोलणारे गृहस्थ. पुनम आणि शकुबाईला त्यांनीच बोलावून घेतलं होतं. दोघी भिंतीलगतच्या बाकावर बसल्या, बरोबर 'पदवीधराचे गुण' या तक्त्याखाली. सरांनी पुनमचं जुनं जर्नल काढून ठेवलं होतं. कव्हर घातलेलं, सुवाच्य, पानापानावर लाल सही.

रामप्रसादांनी पानं चाळली. इतकं व्यवस्थित काम करणाऱ्या मुलीकडून अशी चूक झाली म्हणजे निष्काळजीपणाच म्हणायचा, असं ते सरांना म्हणाले. सरांनी खेदाने मान हलवली. पोरगी गरीब घरची, हुशार होती, पण नोकरी लागल्यावर मुलं हलगर्जी होतात, कॉलेज तरी कुठवर पुरणार, असं त्यांचं म्हणणं पडलं. शकुबाईने पदर तोंडाशी नेला. चहाचा ट्रे घेऊन आलेला वैजनाथ दारातच थबकला आणि स्वतःशीच पुटपुटल्यासारखं बोलला, "आडातच न्हाई, तर पोहऱ्यात कुठून येईल." सरांनी त्याच्याकडे पाहिलं, तसा तो ट्रे ठेवून मागे सरला. गेला मात्र नाही.

"मॅडमच्या सहीचं उत्तर राहिलंय तेवढं," रामप्रसाद म्हणाले. "ते जोडलं की मी मोकळा. ठपका एका नावावर येईल, प्रकरण संपेल."

सगळे साधनाकडे बघू लागले. तिने पर्समधून टाइप केलेला कागद काढला आणि सहीची जागा रिकामी ठेवूनच टेबलावर ठेवला. त्यावर पुनमची चिठ्ठी ठेवली. मग काखेतली दोन जर्नलं ठेवली, एक यंदाचं, एक नऊ वर्षांपूर्वीचं, आणि दोन्ही एकाच पानावर उघडली.

रामप्रसाद वाकून बघू लागले. एका जर्नलावरून त्यांचं बोट दुसऱ्यावर गेलं, मग तिसऱ्यावर, पुनमच्या, आणि तिथून चिठ्ठीवर. तिथे ते थांबलं.

"मॅडम, बसा," सर हळूच म्हणाले. "आपण आत बोलू. जूनचं लक्षात आहे ना?"

साधना बसली नाही. बाकावर पुनमने पहिल्यांदा मान वर केली होती.

"लिहून घ्या," साधना रामप्रसादांना म्हणाली. "या मुलीनं पावडर बरोबर मोजली होती. आकडा तिनं बदलला, हे खरं. पण स्वतःच्या डोळ्यांपेक्षा वहीवर विश्वास ठेवायला तिला तीन वर्षं आम्ही शिकवलं. तो एकवीस पूर्णांक नऊ माझा आहे. अकरा वर्षांपूर्वी फळ्यावर मी लिहिला, आणि नंतर दर वर्षी न बघता त्याच्याखाली सही केली. ठपक्यात माझं नाव तिच्या वर घाला."

मग ती विजयकुमार सरांकडे वळली.

"आणि सर, यंदाच्या बासष्ट जर्नलांवर मी सही करणार नाही."