विमलाबाईंची सातवी ओळ

रायपूर राजधानी झालं, त्यानंतरच्या उन्हाळ्यात समता कॉलोनीतल्या विमला मोहरील यांच्याकडे सरकारी पत्र आलं. रेल्वे गार्डाची ही मुलगी बीजगणितात डॉक्टरेट मिळवणारी आपल्या कॉलेजातली पहिली बाई. म्हणून सत्कार. सत्कार ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयातले यज्ञेश्वर घरी येऊन म्हणाले, "मॅडम, तुमच्या शोधावर दोन सोपी वाक्यं लिहून द्या."

बाईंनी छत्तीस वर्षांपूर्वीचा छापील निबंध काढला. विषय होता वलयांचा, म्हणजे संख्यांसारखे बेरीज-गुणाकार चालणाऱ्या रचनांचा. सिद्धतेच्या सातव्या ओळीत त्यांनी लिहिलं होतं, 'हे उघडच आहे.'

त्यांना ते उघड वाटेना. तीन दिवस पेन्सिल घेऊन बसल्या, तरी नाही. शेवटी त्यांनी भाचीला, मंजिरीला बोलावलं. ती कॉलेजात गणितच शिकवायची.

"मीच लिहिलं अन् मलेच समजून नाही राहिलं. डोकं गेलं का माझं?"

"अरे मावशी, उम्र का असर है," मंजिरी हसली. मग वाचता वाचता तिनं सातव्या ओळीवर बोट ठेवलं. "यहाँ आपने गुणाकार का क्रम बदल दिया."

"मंग? बदलता येते."

"हर जगह नहीं, मावशी. कुछ वलयों में उससे उत्तर बदल जाता है."

दोन दिवसांनी बाईंनी स्वतःच एक असं वलय रचलं, की त्यात क्रम बदलताच सिद्धांत कोसळला. क्रम बदललेला चालतो तिथे मात्र सिद्धांत पक्का होता. ही अट तेव्हा ठाऊक होती आणि लिहायची राहिली, की सुचलीच नव्हती? काही केल्या आठवेना.

बाईंनी ही चूक सांगितली तेव्हा यज्ञेश्वर म्हणाले, "पत्रिका छापून झाल्या, मॅडम. कोणाले कळते?"

"मले कळलं ना!"

सत्काराच्या दिवशी शाल अंगावर घेऊन त्यांनी माईकवर सांगितलं, "माझा सिद्धांत अर्धाच बरोबर आहे." सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना तो विनय वाटला. बाई गोंधळून समोर बघत राहिल्या.

"हे लोक टाळ्या काहून वाजवून राहिले?" खाली येताच त्यांनी मंजिरीला विचारलं.

दुसऱ्याच दिवशी दोघींनी दुरुस्तीचा मजकूर लिहून मूळ निबंध छापणाऱ्या नियतकालिकाकडे पाठवला. पाच महिन्यांनी अर्ध्या पानावर तो छापून आला, दोघींच्या नावानं. मंजिरी पेढे घेऊन आली.

"चुकीचे पेढे वाटतात का, पोट्टी?"

"चूक पकड़ने के हैं, मावशी."

बाईंनी पेढा घेतला. लाजायचं की खूश व्हायचं, ते मात्र त्यांना ठरवता येईना.