राधाबाईंचं ताट

"काकी, तांदूळ टोपात टाकू नका! आधी इथे ठेवा," अपेक्षा जवळजवळ ओरडलीच.

राधाबाईंचा हात हवेतच थांबला. चुलीपुढे जमिनीवर एक चपटा वजनकाटा मांडून ही मुलगी सकाळपासून ठाण मांडून बसली होती. निरोगी माणसाला दिवसाला काय आणि किती खायला हवं, याचे आकडे शास्त्रज्ञांनी ठरवलेले असतात. घराघरांतली माणसं प्रत्यक्षात किती खातात, ते तोलून बघायला तिला सरकारी पाहणीतून पाठवलं होतं. दोडामार्गजवळच्या या वाडीत पहिलं घर निघालं ते राधाबाईंच्या नवऱ्याचं, भिकाजींचं.

भिकाजी नुसते फुलले होते. काजूच्या वखारीत जन्मभर मापाडी म्हणून काढलेला माणूस; बियांचं पोतं हाताने जरा उचललं की वजन सांगायचा, आणि चुकलाच तर थोडक्यात चुकायचा. आपलं घर खाऊनपिऊन सुखी आहे याची नोंद एकदाची सरकारदरबारी लागलीच पाहिजे, हे त्यांनी मनोमन ठरवून टाकलं होतं. अपेक्षाने आदल्या दिवशी "रोजचंच जेवण करा" असं बजावलं होतं. म्हणून भिकाजी सकाळीच नाक्यावर जाऊन बेताचीच पण ताजी सुरमई घेऊन आले होते.

"काका, सुरमई रोज असते?"

"म्हणजे काय! मासळी नसली तर आमच्या घशाखाली घास उतरणा नाय," भिकाजींनी बेधडक ठोकून दिलं. राधाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि टोपात उगाच पळी फिरवली.

मुलगा निलेश गोव्याला कामावर जायचा. त्याचा डबा तोलून झाला आणि तो मोटरसायकलवरून निघून गेला. मग भात शिजेपर्यंत भिकाजींनी अपेक्षाला गाठलं. "माणसाक दिसाक लागता तरी कितक्या गो?"

तिने सांगितलं, प्रथिनं इतकी, लोह त्याहून कितीतरी कमी. "आणि आयोडीन तर, काका, तुमच्या जन्मभराचं सगळं एकत्र केलं तरी चहाच्या एका चमच्यात मावेल."

"आणि ता गावला नाय तर?"

"गळ्याला गाठ येते. पोटातल्या बाळाची बुद्धीसुद्धा खुंटते."

ज्या भिकाजींच्या हातून क्विंटलांवर क्विंटल माल गेला, त्यांना कधी वाटलंही नव्हतं की माणूस असल्या चिमटीवर उभा असतो. त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, बोटं मिटली, उघडली. काय कारागिरी म्हणायची ही! देवाचं नाव घ्यावं असं त्यांना वाटलं, पण परक्या मुलीसमोर संकोच वाटला.

दुपारी त्यांचं ताट काट्यावर चढलं. उकड्या तांदळाच्या भाताचा डोंगर, सुरमईचे दोन तुकडे, वर सोलकढी. आकडा वाचून अपेक्षा हसली आणि भिकाजी मिशीत.

जेवण झालं की भिकाजी ओटीवर आडवे व्हायचे, हा घरातला नेम. आज मात्र काट्याची ओढ त्यांना पुन्हा स्वयंपाकघराच्या दारात घेऊन आली.

"आता काकींचं ताट," अपेक्षा म्हणाली.

"माझा कसला वजन करतस? आधी तू जेव," म्हणत राधाबाईंनी तिच्यापुढे ताट सरकवलं. त्यात उरलेला सुरमईचा तुकडा होता.

"मला इथे जेवायची परवानगी नाही हो. हिशेब बिघडतो."

"हिशेब बिघडो. सकाळपासून बसलेला मनीस माझ्या घरातसून उपाशी जावचा नाय. तू खाल्लंस तर मी बसतंय, नायतर बसणंय नाय."

आता आली पंचाईत. शेवटी पाहुण्याचं म्हणून वेगळं तोलून अपेक्षा जेवली. मग राधाबाईंनी आपलं ताट वाढून घेतलं. टोपाच्या बुडाची खरवड, तिच्यावर माशाच्या सारातलं डोकं आणि शेपूट, कडेला लोणचं. ताट काट्यावर ठेवलं.

भिकाजींनी आकडा वाचला. पुन्हा वाचला.

"काटो बिघडलो तुझो," ते म्हणाले आणि वाकून ताट दोन्ही हातांत उचललं.

काटा बिघडला नव्हता. त्या हातांना कोणी फसवू शकत नव्हतं. लग्न होऊन उभा जन्म गेला आणि बायकोचं ताट भिकाजींनी आज पहिल्यांदा हातात घेतलं. हलकं होतं. याच्यावर ही बाई चिखलात वाकून लावणी करायची? याच्यावर डोंगरावरून लाकडांचे भारे आणायची? दोन मुलं याच्यावर वाढवली, सासूचं आजारपण काढलं, आणि शेवटची दमून कधी बसली ते भिकाजींना आठवेना. देवळात गाभाऱ्यासमोर येतो तसा काटा त्यांच्या अंगावर आला.

"काकी, माझ्यामुळे आज तुम्हाला कमी पडलं का? की रोज एवढंच?" अपेक्षाने हळूच विचारलं.

राधाबाईंनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "छे गो बाय! आज माका भूक नाय म्हणान. रोज मी पोटभर जेवतंय. आमच्या घरात कसली कमी?"

घराची अब्रू तिने सावरून धरली होती. भिकाजींनी नुसतं गप्प राहायचं होतं.

"खोटा सांगता ती," ते म्हणाले. "सुरमई मी आज मुद्दाम हाडलंय, तू येतलंस म्हणान. रोज कुळथाची पिठी नायतर सुकी मासळी. आमी जेवान उठतो, आणि उरता ता हिचा. तसाच लिव."

अपेक्षाने लिहिलं.

"काय गरज होती?" राधाबाई पुटपुटल्या. "द्या हडे ता ताट. निवला."

भिकाजींनी ताट त्यांच्यापुढे ठेवलं आणि ओटीवर न जाता तिथेच जमिनीवर मांडी घातली. राधाबाई थोडा वेळ वाट पाहत राहिल्या. हे उठतील, जातील. ते उठले नाहीत. मग त्यांनी भिंतीकडे जरासं तोंड वळवलं आणि पहिला घास घेतला. घरात नवऱ्यासमोर जेवायची त्यांना सवय नव्हती.