सुपारीवाचून बसलेली मेंढरं

टेंभदरा ही खिंडीच्या तोंडाशी वसलेली एवढीशी पेठ. धनगरांनी मेंढरं आणली, लतीफच्या आजोबानं लोकरीचा व्यापार आणला आणि गाव उभं राहिलं. आधी कोण आलं यावर म्हातारे हुज्जत घालत, पण एकाच चिलमीवर.

गावाचा एक रिवाज मात्र कुणी मोडत नसे. खतासाठी रानात मेंढरं बसवायची तर रानाच्या धन्यानं स्वतः धनगराच्या हातावर सुपारी ठेवायची. त्याशिवाय परक्या रानात कळप बसतच नसे.

अठ्ठेचाळीसच्या भादव्यात निजामाचं राज्य गेलं आणि गावोगावहून मुसलमानांवरच्या हल्ल्यांच्या बातम्या येऊ लागल्या. लतीफ कुणाच्या अध्यात ना मध्यात. तरी बायकापोरं घेऊन तो पुसेगावला, बहीण बिलकीसकडं निघाला. मसाजी धनगर खिंडीपर्यंत पोचवायला गेला. पेरणीला ये, तोवर तुझं रान मी राखतो, म्हणाला. राखणार कसं, हे मात्र दोघांपैकी एकानंही बोलून घेतलं नाही.

महिन्याभरातच त्या रानावर लोकांचा डोळा गेला. एकजण तर नांगर घेऊन बांधावर आला. मसाजीनं मागचापुढचा विचार न करता अख्खा कळप रानात बसवला आणि आपलं डोकं फार चाललं म्हणून खूशही झाला.

दिवाळीनंतर नरसीच्या बाजारात मसाजीला बिलकीस भेटली. लतीफ कधी येतो, असं त्यानं हसतच विचारलं. तिनं तोंड फिरवलं. लतीफ येऊन गेला होता, असं तिनं सांगितलं. खिंडीतून खाली पाहिलं तर त्याच्या रानात मेंढरं बसलेली. सुपारी आपण दिली नाही, म्हणजे रानाला नवा धनी झाला, असं समजून तो तिथूनच फिरला. आता मुलुख सोडून कुठं गेला, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

"तुमीच रान घेतल्यावर भाई कोनाच्या भरोशावर राहील, मसाजीभाऊ?"

मसाजीनं जीव तोडून सगळं सांगितलं. तिला ते पटलंही. पण निरोप धाडायचा कुठं?

तो रानात परतला तेव्हा बायको सुभद्राबाई कळपाशी होती. नवं रान झालं म्हणून पेठेतले लोक कौतुक करून गेल्याचं तिनं सांगितलं. मसाजी बांधावर बसला.

"मेंढरं उठवली तं दुसरा नांगर घालन," तो म्हणाला. "आन ठिवली तं लतीफ परत येनार न्हाई. काय करू, तूच सांग."

सुभद्राबाई त्याच्या शेजारी टेकली. दोघं तिथंच बसून लतीफसाठी रडली.