फटका नेटाचा

पाटीवर आठ लिहिलं होतं आणि डूगल रेनी हातात गोल्फचा चेंडू घेऊन तिच्याकडे नुसता बघत उभा होता. फळी तीच, खांब तोच. जुन्या साताला रंग फासून त्यावर पांढरा आठ काढलेला. होलचं नाव मात्र तसंच ठेवलं होतं: सीलखडक. पहिला फटका मारायच्या ओट्यासमोर किनाऱ्याला पडलेली खोल घळ, तिच्यात आपटणारं समुद्राचं पाणी, आणि पलीकडे खडकाच्या डोक्यावर एवढीशी हिरवळ. चेंडू एका दमात पलीकडे गेला तर गेला, नाहीतर समुद्राला अर्पण.

पोर्टक्रेग हे स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं मूठभर घरांचं गाव. हिवाळ्यातल्या वादळांनी तिथला बारावा होल गिळला, म्हणून क्लबच्या कमिटीने चर्चमागच्या मेंढरांच्या कुरणात नवा पाचवा काढला आणि मधल्या सगळ्यांचे नंबर एकेकाने पुढे सरकवले. डूगलने नोटीस वाचली होती. मीटिंगमध्ये हातसुद्धा वर केला होता. पण वाचणं निराळं आणि इथं येऊन उभं राहणं निराळं.

शनिवारी दुपारी पोर्टक्रेगमध्ये नवरा-बायको जोडीने गोल्फ खेळतात. जोडीला चेंडू एकच. एक फटका त्याचा, पुढचा तिचा. होलचा पहिला फटका कुणी मारायचा हे फेरी सुरू होतानाच ठरवायचं: एकाने विषम नंबरचे होल घ्यायचे, दुसऱ्याने सम. मधेच अदलाबदल केली की दंड. डूगल आणि नेटाने लग्नाच्या वर्षी जे ठरवलं ते ठरवलं: विषम त्याचे, सम तिचे. त्यामुळे सातवा, सीलखडक, जन्मभर डूगलचा. गावची बस हाकून पाठ मोडून घेतलेला हा माणूस आठवडाभर त्या एका फटक्यावर जगायचा. नेटा मागे डोळ्यांवर हात धरून उभी राहायची. देवाची कृपा म्हणून हा तुझ्या वाट्याला आला, म्हणायची. मी पाण्याकडे बघूनच गारठले असते.

नेटा जाऊन दोन हिवाळे झाले. डूगल अजूनही जोडीनेच खेळतो. आपली पिशवी खांद्यावर, तिची हातगाडीवर. आपला फटका आपल्या स्टिकने, तिचा तिच्या स्टिकने. आणि तिचा म्हणजे अगदी तिचाच. चौथ्यावर तिचा चेंडू उजवीकडे घसरायचा, तर ह्याचाही घसरतो. ती जिथे रेतीत रुतायची तिथे हाही रुततो. सुरुवातीला बिअर पिता पिता कुणी कुणी डोळे मिचकावले, मग तेही थांबलं. आता क्लबची सेक्रेटरीबाई स्कोअर लिहिताना विचारते, “दोघांचे मिळून किती झाले?” आणि तो सांगतो.

तिच्या फटक्याआधी डूगल जरा थांबतो. मग ती येते. ज्याला हसायचं त्याने खुशाल हसावं. पण त्याच्या खांद्यात कुठेतरी तिचं झुकणं उतरतं आणि हात आपोआप तिच्यासारखे वळतात.

आज नाही उतरलं. सहाव्यावरही पाळी बदलून तिचीच आली होती, पण तिथल्या सपाट मैदानात तिचा कुठलाही फटका चालून गेला. त्याने तिची स्टिक काढली, तिच्यावरची नेटाने विणलेली लाल लोकरीची टोपी खिशात ठेवली, चेंडू मांडला आणि वाट पाहिली. वारा होता, पाणी होतं, खडकावर सील भुंकत होते. बाकी काही नाही. या ओट्यावरून नेटाला फटका मारताना त्याने कधी पाहिलंच नव्हतं, तर आठवायचं तरी काय? मंगळवारी बायकांच्या खेळात आपण इथे चेंडू खिशात टाकतो आणि सरळ घळीवरच्या पुलावरून पलीकडे जातो, असं तिनेच सांगितलं होतं. मंगळवारी हा बसवर असायचा. दोन वर्षं जिला घट्ट धरून ठेवलं होतं ती या एका नंबरापायी हातातून सुटली होती.

मागून कुणी आलं की हात करून त्यांना पुढे जाऊ द्यायचं, हा तिथला रिवाज. डूगल प्रत्येकाला पुढे सोडत राहिला. शेवटी गावचा प्लंबर ह्यूई आणि त्याची बायको फ्लोरा आले. फ्लोरा म्हणजे नेटाची मंगळवारची जोडीदारीण. त्यांनाही त्याने हात केला, पण ह्यूई हलला नाही. सगळ्या गावाला पुढे सोडतोयस, तुला झालंय काय, असं त्याने विचारलं.

“फटका नेटाचा आहे,” डूगल म्हणाला.

ह्यूई मनाने वाईट नाही, पण माणूस पडला प्लंबर. कुठे गळताना दिसलं की आधी हात घालणार. त्याने तोडगा काढला. पुढच्या शनिवारपासून विषम नेटाला दे, सम तू घे, सीलखडक परत तुझा, नियमातही बसतं. डूगलने मान हलवली. तसं केलं तर पहिल्यापासून सगळेच फटके उलटेपालटे होणार, म्हणजे जी थोडीफार येत होती तीही येणार नाही. हे ह्यूईला कोण समजावणार? तो एवढंच म्हणाला, की नेटाला या पाण्याची फार भीती वाटायची, तिला इथं उभं करणं बरं नव्हे.

फ्लोराला हसू आलं. तिने ते दाबायला हवं होतं, पण तोवर उशीर झाला होता.

“भीती? आपल्या नेटाला?”

ह्यूईने तिला कोपराने ढोसलं. तिने जुमानलं नाही.

“डूगल, दर मंगळवारी ती इथूनच मारायची. वारा तोंडावर असला तरी. आमच्यात हा होल तिच्याइतका कुणालाच जमला नाही.”

“ती तर पुलावरून जायची.”

“ते तुला सांगायला. आम्हाला दम भरला होता तिने, डूगलजवळ बोललात तर बघा म्हणून. म्हणायची, आठवडाभर तोंड मिटून बस हाकतो गं बिचारा. त्याचा हा एक फटका आहे. तो मारताना कुणीतरी घाबरलेलं नको का?”

डूगलला आधी रागच आला. इतकी वर्षं, इतकं सफाईदार खोटं, आणि सगळ्या बायकांना ठाऊक. मग राग कुठे गेला ते त्याला कळलं नाही. डोळे भरून आले आणि त्याने ते कुणापासून लपवले नाहीत. त्याने तिची स्टिक फ्लोरापुढे धरली.

“कशी मारायची, दाखव.”

फ्लोरा अंगाने आडवी, नेटा काटकुळी. तरी तिने दोन्ही पाय जवळ घेतले, हनुवटी गळ्याशी आणली आणि नाकातल्या नाकात बारीक हुंकार काढला. तो हुंकार डूगलच्या ओळखीचा होता. कणीक तिंबताना नेटा तसाच काढायची. फ्लोराने हवेतच स्टिक फिरवली.

“मग?” डूगलने विचारलं.

“मग काही नाही. चेंडू कुठे पडला ते बघायचीच नाही. स्टिक पिशवीत टाकायची आणि चालायला लागायची.”

त्याने स्टिक घेतली. पाय जवळ घेतले, हनुवटी खाली केली. या वेळी त्याला वाट पाहावी लागली नाही; हुंकार आपसूक आला. फटका बसला. चेंडू कुठे गेला ते ह्यूई आणि फ्लोराने पाहिलं. डूगलने पाहिलं नाही. त्याने स्टिकवर लाल टोपी चढवली, ती पिशवीत ठेवली आणि हातगाडी ओढत निघाला.

घळीवरचा पूल म्हणजे एक फळी आणि दोन कठडे. एका वेळी एकच माणूस जाणार. नेटा नेहमी आधी जायची आणि ती पलीकडे पोचेपर्यंत हा अलीकडे कठडा धरून उभा राहायचा. आजही तो थांबला. मागे ह्यूई आणि फ्लोराही थांबले. एक बाई सावकाश पलीकडे पोचेल इतका वेळ त्याने कठडा धरून ठेवला. मग फळीवर पाय टाकला. पुढचा फटका त्याचा होता.